आभार नकोत, चव सांगा

तांबोळी सरांच्या शोकसभेत एका वक्त्याने माईक हातात घेतला आणि "सरांनी गोरगरीब मुलांवर केलेले उपकार" या विषयाला हात घातला, तेव्हा मी चटकन सरांच्या फोटोकडे पाहिलं. फोटो होता तसाच होता. सर हयात असते तर वक्त्याचं पुढचं वाक्य झालंच नसतं. त्यांनी आवाजही चढवला नसता. "कोणावर?" एवढंच विचारलं असतं, आणि वक्त्याला एकेका मुलाचं नाव सांगावं लागलं असतं. ते त्याला येत नव्हतं हे सभेतल्या निम्म्या लोकांना कळत होतं, पण सरांसारखं विचारायची सवय आमच्यापैकी कुणालाच नव्हती. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

कात्रजच्या मागच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी एक वस्ती आहे. तिथे महानगरपालिकेची मराठी प्राथमिक शाळा होती. सर तिथे मुख्याध्यापक होते आणि मी शिक्षिका. आम्ही दोघंही राहायला वारज्याला. मी बस बदलत, धक्के खात यायचे. सर स्कूटरवरून यायचे. रोज एकाच दिशेला जाणारा हा माणूस एकदाही "मागे बसा" म्हणाला नाही, म्हणून पहिली काही वर्षं मी त्यांना मनातल्या मनात खडूस म्हणत असे. एकदा बसचा संप होता तेव्हा नाइलाजाने विचारलं. सरांनी लगेच सीट पुसली आणि म्हणाले, "बसा की. विचारायला एवढी वर्षं का लावलीत?" तेव्हा मला ते तुसडेपणाचं वाटलं होतं. ज्याला काही हवं असेल त्याने ते तोंडाने मागावं, आणि मागताना मान खाली घालू नये, हा त्यांचा धर्मच होता हे मला पुढे हळूहळू कळलं.

त्यांच्या घरचं पूर्वी पेठेत विड्याच्या पानांचं दुकान होतं. आजोबांपासून सगळे तिथलेच, त्यामुळे सरांची भाषा पेठेतली, स्वच्छ आणि तिखट. नव्याने आलेले कुणी अधिकारी त्यांचं नाव ऐकून आणि मग बोलणं ऐकून चकित व्हायचे. "अहो, तुमचं मराठी किती छान आहे हो, तांबोळी!" असं एकजण अगदी कौतुकाने म्हणाले होते. सर म्हणाले, "तुमचंही बरं आहे." अधिकारी हसले. आपल्याला काय मिळालं ते त्यांना बहुतेक घरी पोचल्यावर कळलं असेल.

मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी दुपारी बचत गटाच्या बायका खिचडीचे मोठे डबे घेऊन आल्या. डबे उघडले, वाफ आली, पण एकाही मुलाने ताटली पुढे केली नाही. चौथीतली एक मुलगी आणि तिसरीतली एक, अशा दोघी उठल्या, चमचाभर खिचडी घेऊन गंभीर चेहऱ्याने चावू लागल्या. सर त्यांच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसले. एवढा उंच माणूस, पण मुलांशी बोलताना तो कायम बसूनच बोलायचा.

"काय चुकलंय आज?" सरांनी विचारलं.

"मीठ बरोबर आहे. डाळ कच्ची राहिलीय," पहिली म्हणाली.

"डाळ कमीपण आहे," दुसरी म्हणाली.

खिचडी आणणाऱ्या बाईने कमरेवर हात ठेवला, "उद्या बघते गं बायांनो," म्हणाली आणि वाढायला लागली. मला हे विचित्र वाटलं. अन्नाला नावं ठेवू नयेत अशा घरात मी वाढलेले. संध्याकाळी मी सरांना तसं बोलूनही दाखवलं.

"आभार मानायला शिकवायला सगळं गाव बसलंय," सर म्हणाले. "चव सांगायला कोण शिकवणार? ही खिचडी या मुलांच्या नावावर येते, बाई. तुमच्या-माझ्या नाही."

याला एक नियम मात्र होता, आणि तो सर कडक पाळायचे. खोटं सांगायचं नाही. चांगली झाली असेल तर "चांगली झालीय" म्हणायचं, उगाच खोड काढायची नाही. आणि लाजेखातर वाईटाला चांगलंही म्हणायचं नाही. खोटं बोलणाऱ्याची पाळी पुन्हा लवकर यायची नाही. मुलांना ही पाळी वर्गाच्या मॉनिटरपेक्षा मोठी वाटायची.

शिक्षकांच्या खोलीत 'गरीब' या शब्दाला बंदी होती. म्हणजे तशी पाटी नव्हती, पण कुणी "गरीब मुलं आहेत हो बिचारी" असं म्हटलं की सर चष्म्यावरून बघत. "कोण? नाव सांगा." मग आम्हाला म्हणावं लागे की अमकीच्या आईला दोन महिने काम नाही, किंवा तमक्याच्या वडिलांचा पाय मोडलाय. "हां," सर म्हणत, "हे झालं बोलणं. आता काय करायचं ते ठरवता येईल." एकदा एक पालक दारातूनच विचारत होता, शाळा फुकट आहे ना? सर म्हणाले, "नाही. पैसे भरलेत तुम्ही." तो माणूस घाबरला. "काडेपेटी घेता ना विकत? साबण घेता? त्यात सरकारचा कर असतो. तो आला आमच्याकडे. बसा आता, मुलाचं नाव सांगा." हे बोलणं सर कुठल्याही भाषणाचा आव न आणता, रजिस्टर उघडता उघडता करत.

मला त्यांचा रागही यायचा. तत्त्वाची माणसं जवळून पाहिली की येतोच.

शहरातला एक मंडळवजा क्लब दर हिवाळ्यात मुलांना काही ना काही वाटायला यायचा. पद्धत ठरलेली असे. मुलं रांगेत उभी, एकेकाच्या हातात वस्तू, वस्तूवर देणाऱ्याचा हात, मुलाने दुसऱ्या हाताने नमस्कार करायचा आणि सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघायचं. त्या वर्षी स्वेटर होते. सरांनी निरोप धाडला, मुलं उभी राहणार नाहीत आणि फोटो निघणार नाही. एवढं जमत असेल तर अवश्य या. क्लब आला नाही. कात्रजला घाटाखाली थंडी जरा जास्तच असते, आणि आमच्या वर्गांच्या खिडक्यांना काचा कमीच होत्या.

आठवड्याने एक बाई पूजा नावाच्या मुलीला हाताला धरून तरातरा ऑफिसात आली. ही सुनंदा. सोलापूरकडून नवऱ्याबरोबर बांधकामावर आलेली, आणि आता खालच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये धुण्याभांड्याची कामं करणारी. पूजा दुसरीत होती आणि नाक ओढत होती.

"सर, सोटर परत लावलं म्हनं तुमी?"

"स्वेटर नाही, फोटो परत लावला," सर म्हणाले.

"फोटू काढला आसता तर पोरीचं काय झिजनार हुतं? आन् तुमचा त्यो हक्क का काय, त्यो मी हिला रातीला पांघरायला घालू व्हय?"

सुनंदा जेवढ्या तरातरा आली तेवढ्याच तरातरा गेली. सरांनी स्वतःच क्लबला फोन लावला आणि स्वेटर मागितले. स्वेटर आले. मात्र वाटप सरांच्या पद्धतीनेच झालं. सगळे स्वेटर टेबलावर मांडले, मुलांनी येऊन आपापल्या मापाचे घालून पाहिले, आणि देणारी मंडळी मुलांच्या बुटक्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लावून बसली. एका मुलीने त्यातल्या एका बाईंनाच विचारलं, "हा काखेत दाटतो, मोठा आहे का?" बाई उठल्या, गठ्ठा उपसला आणि मोठा काढून दिला. जाताना त्याच बाई मला म्हणाल्या, की इतकी वर्षं येतोय पण आज काहीतरी केल्यासारखं वाटलं.

"त्या सुनंदाबाईंचं बरोबर होतं," सर नंतर मला म्हणाले. "थंडी कुणाच्या तत्त्वासाठी थांबत नाही." हे त्यांनी सुनंदाला मात्र कधी सांगितलं नाही. तेवढा हेकटपणा त्यांच्यात होता.

आता नानांबद्दल सांगायला हवं. वस्तीच्या भोवतालची जमीन एके काळी नानांच्या घराण्याची. गाव महापालिकेत आलं, जमिनीला भाव आला, नाना शेतकऱ्याचे बिल्डर झाले. पण बोलणं, चालणं, पायातल्या वहाणा जुन्याच राहिल्या. माणूस खरोखर दिलदार होता. कुणाच्या मयतीला लाकडं, कुणाच्या लग्नाला मांडव, सगळं नानांकडून. वाढदिवसाला ते दरवर्षी शाळेत पेढे घेऊन यायचे. त्या वर्षी आले तेव्हा पूजा तिसरीत होती. नानांनी तिच्या हातावर पेढा ठेवला आणि गंमत म्हणून विचारलं, "कसा हाय गं?"

पूजाने पेढा तोंडात टाकला, डोळे मिटून नीट चावला आणि सबंध शाळेसमोर खणखणीत आवाजात म्हणाली, "साखर जास्त झालीय. खवा कमी आहे."

नानांबरोबर आलेल्या पोरांचे चेहरे लाल झाले. आम्ही शिक्षकांनी जमिनीकडे पाहिलं. तिला कोण सांगणार की खिचडी आपली असते आणि पेढा नानांचा? शिकवलं होतं ते ती इमानाने करत होती. नानांनी एक पेढा स्वतः खाल्ला, जरा विचार केला आणि खो खो हसले. "बरोबर हाय की पोरीचं! हलवायानं फशिवलं आपल्याला," म्हणाले. सरही हसले. त्या दोघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही, पण त्या दिवशी नाना जाईपर्यंत दोघं शाळेच्या पायरीवर बसून बोलत होते.

पुढच्या वर्षी शाळेची इमारत धोकादायक ठरली. ते खोटं नव्हतं. पावसाळ्यात एका वर्गाच्या छताचा तुकडा खाली आला होता. आमची मुलं हायवेच्या पलीकडच्या मोठ्या शाळेत सामावून घ्यायचा आदेश निघाला. हायवे म्हणजे ट्रक आणि कंटेनरचा. तो ओलांडायला लहान मुलांना जागा नाही. पूल आहे, पण लांबचा वळसा घालून. सरांचं म्हणणं होतं की लहान मुलाला घरून चालत जाता येईल अशी शाळा द्यायची हे कायद्याने पालिकेवर आहे, तेव्हा नवी इमारत होईपर्यंत वस्तीतच जागा द्यावी. जागा होतीही. वस्तीच्या तोंडाशी पालिकेचंच एक सभागृह होतं, कुलूपबंद, आत मंडळाच्या मांडवाचे बांबू आणि कापडं भरलेली.

सर पालकांची सभा घेणार त्याच्या आदल्या दिवशी नानांनी जाहीर केलं, की मी मुलांना बस देतो. रोज नेईल, रोज आणील, कुणाला काही पडणार नाही.

सभेत सर एकटे पडले. "बस नानांची आहे," ते म्हणाले. "नाना चांगले आहेत. पण उद्या नानांना नाही जमलं, तर आपण कुणाला विचारणार? शाळा पालिकेची आहे. ती नाही आली तर विचारता येतं."

"नाना न्हाय म्हननारं मानूस न्हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

सुनंदा उठली. "सर, तुमचं वकीलपण चालूद्या. बस उद्यापासनं हाय. सभागृह कवा उघडंल? मला सकाळी सात घरची भांडी हायती." यावर सगळे हसले आणि सभा संपली. खरं सांगायचं तर मलाही सुनंदाचंच पटलं होतं. दारात येणारी बस सोडून कुलूपबंद सभागृहाच्या मागे कोण लागेल?

सामानाची हलवाहलव झाली तेव्हा शाळेची घंटा मागे राहिली. पितळेची जाड, गोल घंटा, लाकडी हातोडीने वाजवायची. पलीकडच्या शाळेत विजेची घंटा होती. सरांनी रीतसर सही करून ती स्वतःकडे ठेवून घेतली. शाळा परत वस्तीत आली की जमा करीन, असं त्यांनी सांगितलं तेव्हा कारकून हसला. त्याच वर्षी सर निवृत्त झाले आणि घंटा वारज्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारी जाऊन बसली. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, तिच्यावर धूळ बसू द्यायच्या नाहीत.

बस चांगली चालली. मग नाना गेले. झोपेत, कुणालाही त्रास न देता. मुलांमध्ये वाटण्या झाल्या, बस धाकट्याच्या वाट्याला आली, त्याला डिझेल परवडेना, आणि एका सोमवारी ती आली नाही. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. कुणाशी भांडावं असं कुणी नव्हतंच. वस्तीतल्या बायका धाकट्याकडे गेल्या, त्याने चहा पाजला आणि "बघू" म्हणाला.

काही दिवस सुनंदा स्वतः पूजाला पुलावरून नेऊन सोडत होती. त्यात सकाळच्या कामांना उशीर व्हायला लागला आणि दोन घरांनी दुसरी बाई बघितली. उरलेली कामं सोडणं शक्य नव्हतं. मोठी मुलं कशीबशी हायवे ओलांडून जायची. लहान आणि मुली घरी राहिल्या. पूजा पाचवीत होती. ती धाकट्या कावेरीला सांभाळत घरी बसली आणि आई तिला आणखी एका घरी हाताखाली न्यायचा विचार करू लागली. मी पलीकडच्या शाळेत होते. हजेरी घेताना पूजाचं नाव आलं की थांबायचे आणि पुढच्या नावावर जायचे. वाईट वाटायचं. वाईट वाटून काही होत नाही हेही कळायचं.

एका रविवारी सुनंदा आणि वस्तीतल्या आणखी काहीजणी वारज्याला सरांच्या घरी आल्या. पत्ता मीच दिला होता, म्हणून मीही गेले. मला वाटलं, सर आता "मी सांगितलं होतं" म्हणणार. तो त्यांचा हक्कच होता म्हणा.

सर म्हणाले, "लांबून आलात. आधी चहा घ्या."

चहा झाल्यावर सुनंदा म्हणाली, "सर, तुमी चला सायबाकडं. तुमचं ऐकत्याल."

"मी आलो तर ती तांबोळ्याची शाळा होईल. ती मागायची तर तुम्ही मागायची. मी बाहेर बसेन." मग सरांनी खुर्ची ओढली आणि ऐटीत पाय पसरून बसले. "मी साहेब. बोला."

सुनंदाने पदर सावरला, हात जोडले. "सायेब, आमी गरीब मानसं..."

"ते दिसतंय मला. काय पाहिजे?"

"पोरींच्या शाळंचं बगा, लई उपकार हुतील..."

"होणार नाहीत. पुन्हा."

दुपारभर हे चाललं. काय मागायचं ते सुनंदाला चांगलं समजलं होतं: सभागृह पालिकेचं आहे, ते उघडा, तिथे वर्ग भरवा, ही आमची मागणी आहे, कधी करता ते सांगा. पण तोंड उघडलं की आधी तिचे हात जुळायचे, आणि हात जुळले की आवाज खाली यायचा, आणि आवाज खाली आला की 'उपकार' हा शब्द यायचाच. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. शेवटी सुनंदा रडकुंडीला आली. "हात आपुआप जुडत्यात, सर. जल्माची सवं हाय. त्याला मी काय करू?"

सर उठले, टीव्हीशेजारची घंटा उचलली आणि तिच्या हातात दिली. ती एवढी जड, की दोन्ही हातांनी पोटाशी धरावी लागली.

"आता बोला," सर म्हणाले.

ती बोलली. आवाज वर आला होता.

पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात त्या गेल्या त्या दिवशी मी रजा काढली होती. सर आणि मी बाहेर बाकावर. दार उघडंच होतं. साहेब तरुण होते आणि वागायला चांगले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सभागृहाचं अवघड आहे हो, त्यात सामान आहे. त्यापेक्षा नानांच्या मुलांशी मी बोलतो. बस परत सुरू करायला लावतो. मग तर झालं ना?"

सर बाकाच्या कडेवर सरकले. त्यांनी डोळे मिटले होते. बस परत येत होती, उद्या-परवा, दारात. माझ्या डोळ्यांसमोर पूजाचं हजेरीतलं नाव आलं आणि मला वाटलं, घ्या बाई, हो म्हणा.

"बस नगं, सायेब," सुनंदाचा आवाज आला. "बस त्येंची. उद्या त्येंचं डिझेल सपलं की आमी पुन्ना तुमच्या दारात. ही आमच्या शाळंची घंटा हाय. कुटं टांगायची तेवढं सांगा."

हे सरांनी पढवलेलं नव्हतं. घंटा फक्त हात अडकवायला दिली होती. सरांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळलं, कारण एखाद्याचा आनंद कधी कधी फार खाजगी असतो.

त्या बाहेर आल्या. "काय म्हणाले?" सरांनी कोरडेपणाने विचारलं.

"बगतो म्हनाले."

"आणि तुम्ही?"

"आमी म्हनलं, सोमवारी परत येतो. घंटा घिऊनच."

"हात?"

"दुखत्यात," सुनंदा म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

काम त्या सोमवारी झालं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पण त्या जात राहिल्या, आणि कार्यालयात "घंटावाल्या बायका आल्या" असं म्हणू लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीत सभागृहातले बांबू निघाले, मध्ये पार्टिशन घातली गेली, आणि जूनमध्ये तिथे वर्ग भरले. घंटा दाराशी टांगली. सरांनी ती जमा केल्याची पावती मागून घेतली. उद्घाटनाला मात्र आले नाहीत. तिथे हारतुरे होणार हे त्यांना ठाऊक होतं. पूजा त्याच जूनमध्ये पुन्हा शाळेत आली. तिचं एक वर्ष बुडालं ते बुडालंच.

त्यानंतर काही वर्षांनी, सर गेले त्याच्या थोडं आधी, मी त्यांना शेवटचं पाहिलं. तोवर या शाळेची मुख्याध्यापिका मी होते. पूजा माध्यमिक शाळेत गेली होती. सरांचे गुडघे दुखत असल्याने स्कूटर विकली होती. ते बस बदलत, धक्के खात आले. आले ते नेमके खिचडीच्या वेळेला. मी खुर्ची द्यायला लागले तर ते मुलांमध्ये सतरंजीवर बसले. मुलं नवी होती. त्यांना कुणी ओळखलं नाही.

त्या दिवशी चव घ्यायची पाळी कावेरीची होती, सुनंदाच्या धाकटीची. पाहुणा आला की त्यालाही चव विचारायची असं मुलांनी आपलं आपण ठरवलं होतं. कावेरीने एका ताटलीत खिचडी आणून सरांपुढे ठेवली. "आजोबा, चव सांगा."

खिचडी खाली लागली होती. वास दारापर्यंत येत होता. सरांनी घास घेतला, सावकाश चावला. भिंतीकडे, मुलांकडे, दारातल्या घंटेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "छान झालीय."

कावेरीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "लागलीय की! वासपण येतोय. खोटं नसतं सांगायचं."

"अगं, हे कोण आहेत माहितीये का..." मी सुरुवात केली. सरांनी हाताने मला थांबवलं.

"चुकलं माझं," ते तिला म्हणाले. "लागलीय."

"मग तसं सांगायचं ना," ती म्हणाली, आणि खिचडीवाल्या मावशींकडे वळली.

सरांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पुसले नाहीत. लागलेली खिचडी शेवटच्या शितापर्यंत खाल्ली आणि ताटली स्वतः धुऊन उपडी घातली. मी त्यांना बस स्टॉपच्या वळणापर्यंत सोडायला गेले. खोटं का बोललात, असं विचारलं.

"क्षणभर पाहुणा झालो," ते म्हणाले. थोडं चालून थांबले. "मी कोण ते तिला सांगू नका, बाई. सांगितलंत तर उद्यापासून हात जोडेल."

ते रस्ता ओलांडून रांगेत उभे राहिले. मी परत वळले तेवढ्यात शाळेची घंटा झाली. सरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि रस्त्याच्या पलीकडून, बसच्या रांगेतून मला ओरडून सांगितलं, "उशिरा वाजली!"